एलजेवर नारंगी कॉलनी आली तर: नळाच्या पाण्यातला मायकोबॅक्टेरियम गोर्डोनी ओळखायचा कसा

टीबीचे जंतू वाढवायच्या एलजे (लोव्हेनस्टाइन-जेन्सन) या घट्ट माध्यमाच्या हिरव्या स्लोपवर, म्हणजे बाटलीतल्या तिरप्या थरावर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गुळगुळीत, मधे फुगीर, पिवळसर नारंगी कॉलनी दिसते. झेड-एन (झील-नील्सन) स्टेन केला तर काड्या लाल, म्हणजे आम्लाने धुतलं तरी रंग न सोडणाऱ्या, अ‍ॅसिड-फास्ट. तिकडे डॉक्टरांचा फोन येतो, "कल्चरचं काय झालं?" अशा वेळी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने करायचं, ते इथे लिहिते आहे. टीबी कल्चरच्या बाकावर नागपुरात माझी बरीच वर्षं गेली. भंडारा, गोंदिया, वर्ध्याहून शिकायला येणारी डीएमएलटीची (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाची) मुलंमुली हीच बाटली घेऊन माझ्याकडे येतात. "मॅडम, हे तर कंटॅमिनेशन वाटून राहिलं, फेकून देऊ का?" असं एकीने विचारलं होतं. फेकायचं नाही. आणि घाईने "टीबीचे जंतू वाढले" असंही लिहायचं नाही. या दोन्ही उत्तरांमुळे पेशंटचं नुकसान होतं.

हा जंतू बहुतेक वेळा मायकोबॅक्टेरियम गोर्डोनी असतो. माती आणि पाणी हे त्याचं घर. नळाच्या पाण्यात इतका नेहमी सापडतो की पूर्वी त्याला मायकोबॅक्टेरियम ॲक्वी म्हणत. १९६२ साली अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रूथ गॉर्डन यांच्या नावावरून त्याचं आजचं नाव पडलं. निरोगी माणसाला तो क्वचितच त्रास देतो. आजार केल्याच्या थोड्या नोंदी आहेत, त्यातले बरेच पेशंट प्रतिकारशक्ती खूप कमी झालेले. पण तो टीबीच्या जंतूच्याच कुळातला, मायकोलिक आम्लाचं तेच मेणकट आवरण अंगावर असलेला. म्हणून कार्बोल फ्युक्सिन हा लाल रंग तोही धरून ठेवतो, २५ टक्के सल्फ्युरिक आम्लाने तोही रंग सोडत नाही. स्लाइडवरून या दोघांना वेगळं करता येत नाही, हे पहिल्या दिवशी शिकायचं आणि शेवटपर्यंत विसरायचं नाही.

चुकीच्या रिपोर्टची किंमत मोठी असते. भारतात २०१२ पासून टीबी हा नोंदणी सक्तीचा आजार आहे. एकदा नाव निक्षयवर, म्हणजे सरकारच्या टीबी नोंदणीच्या पोर्टलवर, गेलं की सहा महिन्यांची औषधं सुरू होतात, घरच्यांची तपासणी होते, घरातल्या लहान मुलांना प्रतिबंधक गोळ्या लागू शकतात. लग्नाच्या वयाच्या मुलीच्या घरी त्या कागदाने काय होतं, ते नागपुरातही मी पाहिलं आहे. तेवढ्यासाठी दोन बाटल्या जास्त लावणं काही जड नाही.

सुरक्षिततेचं आधी. ओळख पटेपर्यंत ही बाटली टीबीची आहे असंच धरायचं. एन-९५ मास्क, हातमोजे, आणि उघडायची ती वर्ग दोनच्या बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच. ज्यांच्याकडे कल्चर हाताळण्याची सोय नाही त्यांनी बाटली न उघडता, नीट पॅक करून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावी. नागपुरात क्षयरोग कार्यक्रमाची इंटरमीजिएट रेफरन्स लॅबोरेटरी आहे. कुठे पाठवायचं ते तुमच्या जिल्ह्याचं क्षयरोग केंद्र सांगेल. आणखी एक, खास आपल्या उन्हाळ्यासाठी: कॅबिनेट चालू असताना त्या खोलीत कूलर लावायचा नाही. बाहेर ४५ अंश असेल, जीव कासावीस होत असेल, तरी नाही. कूलरचा झोत कॅबिनेटच्या तोंडाशी असलेला हवेचा पडदा मोडतो. शिवाय कूलरच्या टाकीत साठलेलं कोमट पाणी आणि तळाला धरलेला बुळबुळीत थर ही पर्यावरणातल्या जंतूंची आवडती जागा, आणि तेच पाणी थेंबाथेंबाने तुमच्या बाकावर उडतं.

आता कामाला लागू.

पहिलं काम, कल्चर शुद्ध आहे का ते बघा. कॉलनीचा किंवा एमजीआयटीच्या (द्रव माध्यमाच्या) ट्यूबमधल्या गाळाचा थोडा भाग ब्लड अगारवर टाकून ४८ तास ३७ अंशांवर ठेवा. टीबी आणि गोर्डोनी दोघेही सावकाश वाढतात, म्हणून दुसऱ्या दिवशीच भरभरून वाढ आली तर तुमच्या बाटलीत दुसरा जंतूही आहे; त्या मिश्रणावर पुढची एकही चाचणी करू नका. सोबत झेड-एन स्मिअर करा. टीबीचे जंतू, विशेषतः एमजीआयटीसारख्या द्रव माध्यमात, एकमेकांना चिकटून लांब नागमोडी दोर करतात. गोर्डोनीच्या काड्या सुट्या किंवा सैल पुंजक्यांत असतात. पण यावरून निकाल देऊ नका, फक्त वहीत लिहून ठेवा. दोर करणारे इतरही आहेत, आणि काही टीबीचे जंतू नीट दोर करत नाहीत.

दुसरं, एमपीटी-६४ ची पट्टी, म्हणजे टीबीच्या जंतूंचं त्या नावाचं प्रथिन शोधणारी. पंधरा मिनिटांचं काम. रेष आली तर टीबी कॉम्प्लेक्स (टीबी करणाऱ्या जंतूंचा गट), नाही आली तर बहुधा टीबीतर, म्हणजे टीबी सोडून दुसरा, मायकोबॅक्टेरियम. "बहुधा" म्हणते, कारण टीबीचे थोडे जंतू या प्रथिनाच्या जनुकातल्या बदलामुळे पट्टीवर दिसत नाहीत. म्हणून सोबत पीएनबीची बाटली लावाच. पॅरा-नायट्रोबेंझोइक आम्ल, ५०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, घातलेल्या एलजेवर टीबी वाढत नाही, गोर्डोनी वाढतो. शेजारी साधी एलजे हवीच, नाहीतर वाढ न होण्याला काही अर्थ उरत नाही. मूळ नमुन्यावर सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही टीबीच्या जनुकांची चाचणी झाली असेल तर तो निकाल शोधून काढा. स्मिअर ठळक पॉझिटिव्ह आणि सीबीनॅटमध्ये टीबी नाही, ही जोडी दिसली की तिथेच कान टवकारायला हवेत.

तिसरं काम रंगाचं. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

अर्नेस्ट रनियन यांनी १९५९ मध्ये टीबीतर मायकोबॅक्टेरियांचे चार गट पाडले, ते वाढीचा वेग आणि रंग यांवरून. उजेड मिळाल्यावर रंग धरणारे पहिल्या गटात, जसा कान्सासी. अंधारातही रंग धरणारे दुसऱ्यात, गोर्डोनी इथला. रंग न धरणारे किंवा फिकट राहणारे तिसऱ्यात, जसे एव्हियम आणि इंट्रासेल्युलेअर. सात दिवसांच्या आत दिसण्याजोगी कॉलनी देणारे चौथ्यात, जसे फॉर्च्युइटम आणि ॲबसेसस. जनुकांच्या चाचण्या आल्या तरी बाकावर उभं राहून विचार करायला हे चार गट आजही कामाचे आहेत.

म्हणजे कॉलनी नारंगी आहे एवढं पुरत नाही. ती अंधारात नारंगी झाली की उजेडात, हे सिद्ध करावं लागतं. ज्या बाटलीवर तुम्ही पहिल्यांदा रंग पाहिला ती दर आठवड्याला उजेडात काढून पाहिलेली असते, म्हणून ती या कामाला निरुपयोगी. नव्याने लावायचं.

ताज्या वाढीपासून पातळ सस्पेंशन करा, इतकं पातळ की कॉलनी सुट्या येतील. रंगाला ऑक्सिजन लागतो; दाट गालिचा झाला तर आतल्या जंतूंना तो मिळत नाही आणि रंग फिका येतो. तीन एलजे बाटल्या पेरा आणि तिन्ही त्याच क्षणी ॲल्युमिनियम फॉइलमध्ये दुहेरी गुंडाळा. झाकणाकडचा भागही झाका, तिथून उजेड शिरतो. दोन बाटल्या ३७ अंशांवर, तिसरी २५ वर. सोबत एक उघडी बाटली ठेवा. तिच्यावर वाढ दिसली की फॉइलच्या आतही वाढ आली आहे हे कळतं आणि उगाच उघडझाप करावी लागत नाही.

वाढ आली की ३७ वरची एक बाटली उघडून लगेच बघा. अंधारातच पिवळी-नारंगी असेल तर दुसरा गट. दुसरी बाटली, झाकण थोडं सैल करून, ६० वॅटच्या बल्बपासून वीतभर अंतरावर निदान तासभर धरा. मी जास्त वेळ ठेवते. मग पुन्हा फॉइल, पुन्हा इन्क्युबेटर, आणि २४, ४८, ७२ तासांनी बघा. अंधारात मळकट पांढरी होती आणि आता पिवळी झाली, तर पहिला गट. गोर्डोनी मात्र आधीच रंगलेला असतो. उजेडाने थोडा गडद होईल इतकंच. कोवळी कॉलनी पिवळी असते आणि वय वाढेल तशी झाडावर रंग भरत आलेल्या संत्र्यासारखी होत जाते. रंग खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात बघा. पिवळ्या दिव्याखाली आणि एलजेतल्या मॅलाकाइट ग्रीनच्या हिरव्या पार्श्वभूमीवर मळकट पांढरी कॉलनीही पिवळसर भासते.

२५ अंशांची बाटली टाळू नका. मायकोबॅक्टेरियम झुल्गाय हा ३७ वर अंधारातही रंग धरतो, पण २५ वर त्याला उजेड लागतो. गोर्डोनीचं तसं नाही, तो दोन्हीकडे अंधारात रंगतो. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण झुल्गाय सापडला तर तो बहुधा खरा आजार असतो. पुस्तकात या बाटलीसाठी "रूम टेंपरेचर" असं लिहिलेलं असतं. नागपुरात मे महिन्यात खोलीचं तापमान कुठे असतं हे आपण जाणतो. बाकावर ठेवलेली बाटली २५ वर नसते, कदाचित ३८ वर असते, आणि मग चाचणी झाली असं वहीत लिहून काही उपयोग नाही. थंड करणारा बीओडी इन्क्युबेटर हवा, आत वेगळा थर्मामीटर हवा, आणि वीज गेली तर ती वेळ वहीत लिहायला हवी. याच दिवसांत एलजे सुकून काचेपासून सुटतो. इन्क्युबेटरच्या तळाशी ट्रेमध्ये ऑटोक्लेव्ह केलेलं पाणी ठेवा, आणि सुरुवातीचा आठवडा गेला की झाकणं घट्ट करा.

रंगाच्या बाटल्या वाढेपर्यंत बाकीच्या चाचण्या लावून टाका.

दुसऱ्या गटात गोर्डोनीचा जवळचा लबाड शेजारी म्हणजे स्क्रोफ्युलेसियम, जो लहान मुलांच्या मानेतल्या गाठींमधून निघतो. दोघांना वेगळं करणारी सगळ्यात चांगली चाचणी ट्वीन-८० ची. न्यूट्रल रेड घातलेल्या ट्वीनच्या द्रावणात लूपभर वाढ टाकून ३७ वर ठेवा आणि पहिल्या, पाचव्या, दहाव्या दिवशी रंग बघा. गोर्डोनी ट्वीन फोडतो, द्रावण पिवळसरचं गुलाबी-लाल होतं. स्क्रोफ्युलेसियम तसंच ठेवतो. द्रावण उजेडात खराब होतं, म्हणून तेही अंधारात ठेवायचं. युरिएज याच्या उलट: स्क्रोफ्युलेसियम पॉझिटिव्ह, गोर्डोनी सहसा निगेटिव्ह. नायट्रेट गोर्डोनी कमी करत नाही, झुल्गाय करतो. गोर्डोनीची नायसिन चाचणी निगेटिव्ह. पाच टक्के मिठाच्या एलजेवर गोर्डोनी वाढत नाही.

कॅटलेज, म्हणजे पेरॉक्साइड फोडून बुडबुडे काढणारं एन्झाइम, दोन प्रकारे बघायचं. एक, फेसाची उंची. उभ्या ट्यूबमध्ये घट्ट केलेल्या एलजेवर दोन आठवडे वाढवलेल्या जंतूंवर १० टक्के ट्वीन आणि ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड समप्रमाणात मिसळून १ मिलिलिटर टाका, पाच मिनिटांनी मोजपट्टी लावा. गोर्डोनीचा फेस ४५ मिलिमीटरच्या वर जातो. दुसरं, उष्णता सोसणारं कॅटलेज: पीएच ७ च्या फॉस्फेट बफरमध्ये जंतू मिसळून ६८ अंशांवर २० मिनिटं, गार करून तेच मिश्रण टाका. बुडबुडे आले तर पॉझिटिव्ह; नाही आले तर आणखी २० मिनिटं थांबल्याशिवाय निगेटिव्ह लिहू नका. टीबीचा जंतू इथे निगेटिव्ह असतो. वॉटर बाथ खरंच ६८ वर आहे का ते आधी तपासा. ३० टक्के पेरॉक्साइड कातडीला भाजतं, चष्मा घाला.

प्रत्येक वेळी ओळखीचे जंतू सोबत हवेत. रंगासाठी एक कान्सासी, एक पक्का गोर्डोनी आणि एक रंग न धरणारा. ते नसतील तर तुम्ही फक्त अंदाज करत आहात.

एवढं जुळलं की खात्रीसाठी कल्चर लाइन प्रोब (जनुकांवरून जात सांगणारी पट्टी), माल्डी-टॉफ (प्रथिनांवरून ओळख) किंवा सिक्वेन्सिंगला (जनुकांचं वाचन) पाठवा. मायकोबॅक्टेरियांच्या सामान्य जातींसाठी जी लाइन प्रोब पट्टी मिळते तिच्यात गोर्डोनी आहे. तुमच्या चाचण्या आणि पट्टीचा निकाल जुळत नसेल तर बाटलीचा नंबर आधी तपासा.

आता दुसरा अर्धा भाग, जो बऱ्याच लॅब करतच नाहीत: हा जंतू आला कुठून?

नागपूरचं पाणी पेंचचं आणि कन्हानचं, शुद्ध केलेलं, क्लोरीन घातलेलं. ग्राहकाच्या नळाशी ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर मोकळं क्लोरीन राहावं हा भारतीय मानकाचा हिशेब कॉलिफॉर्मसारख्या जंतूंसाठी पुरेसा आहे. मायकोबॅक्टेरिया त्यांच्या मेणकट आवरणामुळे ते सहज सोसतात आणि पाइपच्या आतल्या थराला धरून राहतात. म्हणजे नळात गोर्डोनी सापडला यात पाणी पिण्यास अयोग्य आहे असं काही नाही. पण गच्चीवरच्या टाकीत दिवसभर तापलेलं, रविवारी लॅब बंद म्हणून पाइपात साचून राहिलेलं पाणी सोमवारी सकाळी स्टेन धुवायला वापरलं, तर ते स्लाइडवर येतं.

शेजारच्या जिल्ह्यातल्या एका लॅबने मला एकाच दिवसाच्या स्लाइड पाठवल्या होत्या. वेगवेगळे पेशंट, पण बऱ्याच स्लाइडवर थोड्या थोड्या लाल काड्या. मायक्रोस्कोपचं फाइन फोकस फिरवलं तेव्हा उलगडा झाला: पेशी स्पष्ट दिसत तेव्हा काड्या धूसर, काड्या स्पष्ट होत तेव्हा पेशी धूसर. काड्या थुंकीत नव्हत्याच, वरून येऊन बसल्या होत्या. एकाच बॅचमध्ये अचानक कमी संख्येचे पॉझिटिव्ह वाढले तर हे करून बघाच, आणि एक कोरी, काहीही न लावलेली स्लाइड त्याच पाण्याने, त्याच रंगांनी स्टेन करून बघा.

यावरचा उपाय सांगताना मी एका गोष्टीवर नेहमी जोर देते. पाणी उकळलं किंवा ऑटोक्लेव्ह केलं की जंतू मरतात, पण मेलेली काडीही लाल दिसते. कल्चरसाठी ऑटोक्लेव्ह ठीक. स्टेनसाठी पाणी ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेलं हवं. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन महिनोन्महिने न घासता वरून भरत राहिलात तर त्यातही थर धरतो. आरओच्या टाकीचंही तेच.

पेशंटकडून येणारी वाट वेगळी. थुंकी देण्याआधी आपण चूळ भरायला सांगतो आणि समोरच्या बेसिनकडे बोट दाखवतो. त्या नळातला जंतू डबीत जातो, कल्चरवर वाढतो, आणि रिपोर्ट पेशंटच्या नावाने निघतो. उकळून गार केलेलं पाणी कागदी कपात द्या. ब्रॉन्कोस्कोपीचा (दुर्बिणीने श्वासनलिकेतून घेतलेला) नमुना असेल तर स्कोप शेवटी कोणत्या पाण्याने धुतला ते विचारा. जगभरात गोर्डोनीच्या खोट्या साथी अशाच, स्कोप धुण्याच्या पाण्यातून, नळातून, लॅबच्या द्रावणांतून निघालेल्या आहेत.

संशय असेल तर नळाचा नमुना घ्या. निर्जंतुक बाटलीत आधी थोडं सोडियम थायोसल्फेट, म्हणजे क्लोरीन नमुन्यातल्या जंतूंवर काम करत राहणार नाही. नळाची जाळी काढा, सकाळचं पहिलं पाणी लिटरभर घ्या, आणि नळाच्या तोंडाच्या आतून एक स्वॅब फिरवा. पाणी ०.४५ मायक्रॉनच्या पडद्यातून गाळून पडदा घ्या. डीकंटॅमिनेशन (इतर जंतू मारण्याची प्रक्रिया) थुंकीपेक्षा सौम्य ठेवा, कडक सोड्याने पाण्यातले मायकोबॅक्टेरियाही मरतात. ३० आणि ३७, दोन्ही तापमानांवर लावा. नळातही गोर्डोनी आला तर शंका बळावते, पण नळातला आणि पेशंटचा जंतू एकच हे जातीच्या नावावरून ठरत नाही, या जातीत आपसातलं वैविध्य बरंच आहे. त्यासाठी स्ट्रेन टायपिंग, म्हणजे जातीच्या आतला वाण ओळखणं, लागतं.

रिपोर्ट असा लिहा: "टीबीतर मायकोबॅक्टेरियम वाढला, मायकोबॅक्टेरियम गोर्डोनी. ही जात बहुधा पाण्यातून नमुन्यात येते. कृपया वेगळ्या दिवशी घेतलेला दुसरा नमुना पाठवावा आणि लक्षणे व सीटी स्कॅनशी ताडून पाहावे." टीबीतर मायकोबॅक्टेरियांच्या फुप्फुसाच्या आजारासाठी २००७ ची अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वं किमान दोन वेगळ्या थुंकीच्या नमुन्यांत वाढ मागतात, किंवा ब्रॉन्कोस्कोपीच्या एका नमुन्यात, आणि सोबत लक्षणं व एक्स-रे किंवा सीटीमधला बदल. गोर्डोनीसाठी मी याहून सावध राहते. पण पेशंटला एचआयव्ही असेल, अवयवरोपण झालेलं असेल, किंवा नमुना रक्त, सांध्यातलं पाणी, गाठ अशा निर्जंतुक जागेतला असेल, तर "पाण्यातला" म्हणून सोडून देऊ नका. त्या दिवशी रिपोर्ट टाइप करण्याआधी डॉक्टरांना स्वतः फोन करा.

खात्री झालेला गोर्डोनी टाकून देऊ नका. स्किम मिल्कमध्ये उणे ७० अंशांवर दोन-तीन व्हायलमध्ये गोठवा, वर जात, तारीख आणि कोणत्या पद्धतीने खात्री केली ते लिहा. पुढच्या रंगाच्या चाचणीला हाच तुमचा कंट्रोल. उरलेल्या बाटल्या, झाकणं सैल करून, १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करून मगच कचऱ्यात.